देवगिरीचा पद्मटंक आणि हातोड्याने ठोकलेल्या सुवर्णनाण्यांची ओढ

देवगिरीवाट

नमस्कार. मागच्या आठवड्यात एका स्नेह्यांना माझ्याकडील पद्मटंक दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "मागची बाजू पार झिजली का हो?" मागची बाजू झिजलेली नाही, ती मुळातच कोरी असते, हे समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. तेव्हा जे नीट सांगता आले नाही, ते येथे सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढतो आहे.

पद्मटंक हे देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे नाणे. सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या नावांचे पद्मटंक ठाऊक आहेत, म्हणजे ढोबळमानाने सगळे तेरावे शतक त्यांत येते. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, आणि आकार आजच्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. मध्यभागी पाकळ्यांचे कमळ, आणि त्याच्या भोवती राजाचे नाव नागरी लिपीत, 'श्री' हे अक्षर कन्नड वळणाचे, शिवाय शंखासारखी चिन्हे. एकाच चिमुकल्या नाण्यावर नाव नागरीत आणि श्री कन्नडमध्ये असावी, यातच त्या राज्याचा पसारा आणि त्याच्या दरबाराची भाषा या दोन्ही गोष्टी आल्या.

परंतु माझ्या ओढीचे कारण यापेक्षा वेगळे आहे, आणि ते नाण्याच्या घडणीत आहे. सर्वसाधारण ठोकीव नाण्याला दोन ठसे लागतात. एक खाली ऐरणीत पक्का बसवलेला, दुसरा कारागिराच्या हातात. मधे सोन्याची चकती ठेवायची आणि वरून घाव घालायचा. पद्मटंकाचे तसे नाही. येथे कमळाचा ठसा वेगळा, नावाचा वेगळा, प्रत्येक श्रीचा आणि शंखाचा वेगळा, आणि प्रत्येकासाठी घावही वेगळा. सगळे घाव एकाच बाजूने पडत असल्यामुळे चकती हळूहळू वाटीसारखी खोलगट होते आणि पाठ कोरी राहते. माझ्या स्नेह्यांना जी झीज वाटली, ती खरे तर घडणीची पद्धत होती.

आता भिंग घेऊन पाहावे. माझ्या नाण्यात (ते महादेवाचे आहे) नावाच्या ठशाची डावी कड कमळाच्या एका पाकळीच्या टोकावर चढली आहे आणि ते टोक चेपले गेले आहे. म्हणजे कमळ आधी, नाव नंतर. त्याच्या उजवीकडची श्री जरा तिरपी आहे आणि तिचा वरचा भाग खोल उमटून खालचा जेमतेम उमटला आहे. ठसा हातात किंचित कलला असताना घाव पडला, एवढाच त्याचा अर्थ. शंखाच्या जागी तर दोन शंखांच्या कडा एकमेकींना लागून दिसतात, कारण पहिला घाव फिका वाटल्यामुळे कारागिराने ठसा पुन्हा टेकवून दुसरा घातला असावा. साडेसातशे वर्षांपूर्वी, बहुधा एका मिनिटाच्या आत झालेले एक काम घावाघावाने उलगडून वाचता येते. यंत्राच्या नाण्यात हे कधीच सापडायचे नाही, कारण तेथे चुकायला कोणी बसलेलेच नसते.

आपल्याकडे अशी नाणी असतील किंवा संग्रहालयांत पाहिली असतील, तर कृपया लिहावे. विशेषतः घावांचा क्रम आणखी कोणी ताडून पाहिला आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

कसोटीचा दगड

देवगिरीवाट, लेख मनापासून आवडला. आमचा पिढीजात धंदा सराफीचा. आता दुकान मुलगा पाहतो आणि मी फक्त जुने जिन्नस बघायला बसतो. त्यामुळे दोन गोष्टी धंद्याच्या अंगाने लिहितो.

पहिली गोष्ट वजनाची. पावणेचार ग्रॅम म्हणजे जवळजवळ पावणेचार मासेच, कारण मासा एक ग्रॅमला किंचित कमी भरतो. जुन्या कारागिराचे खरे कसब ठशापेक्षा वजनात होते, असे माझे मत आहे. सोने वितळवून त्याच्या सारख्या वजनाच्या गोळ्या करायच्या, गोळी ठोकून चपटी करायची, तराजूत घालायची, जास्त भरली तर काठ कानशीने उतरवायचा. चित्र तिरपे आले तर कोणी परत करत नसे; वजन गुंजभर कमी भरले तर सराफ नाणे फेकून देई. त्यामुळे ठसा वाकडा आणि वजन मात्र चोख, असे नाणे पाहून मला कधी नवल वाटत नाही, उलट ठसा सुबक आणि वजन ढिले असेल तर मी ते नाणे आधी बाजूला ठेवतो.

दुसरी गोष्ट तपासणीची. नवे संग्राहक घरी पाण्यात वजन करून सोन्याची घनता काढतात आणि निष्कर्षाला येतात. हिशोब करून पाहावा. ३.७० ग्रॅमचे नाणे शुद्ध सोन्याचे असेल तर पाण्यात त्याचे वजन सुमारे ०.१९ ग्रॅमने घटते. बावीस कॅरटचे असेल तर सुमारे ०.२१ ग्रॅमने. फरक पडला तो ०.०२ ग्रॅमपेक्षाही कमी, आणि आपला घरचा काटा ०.०१ ग्रॅमचा. अशा काट्यावर चांदीवर मुलामा दिलेले नाणे पकडता येईल, कारण तेथे घट ०.३५ च्या घरात जाते. पण कस ठरवता येणार नाही. त्यासाठी मिलिग्रॅमचा काटा हवा. त्यातही पद्मटंक खोलगट असल्यामुळे वाटीत हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि अस्सल नाणे हलके दाखवतो. नाणे दोऱ्याने बांधून पालथे न सोडता उभे, काठाच्या बाजूने पाण्यात उतरवावे, आणि पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा.

आणि कृपा करून कोणीही असे नाणे कसोटीच्या दगडावर घासू नये. जुन्या सराफांनी काठावर मारलेले टाचे तेवढे पुरेत.

शंकासुर

चर्चा माहितीपूर्ण आहे; तरीही एक प्रश्न विचारतो आणि तो खोचकपणे घेऊ नये. ही नाणी शेतात, पडक्या भिंतीत, जुन्या मडक्यात सापडतात. एकत्र सापडलेला साठा जेव्हा फुटतो आणि एकेक नाणे वेगवेगळ्या खिशात जाते, तेव्हा कोणत्या राजाची नाणी कोणाच्या नाण्यांबरोबर पुरली होती, ही माहिती कायमची पुसली जाते. आपण पाकळीचे चेपलेले टोक वाचता, पण हे नाणे कोणत्या गावच्या मातीतून आले, ते आपल्याला वाचता येते का?

देवगिरीवाट

शंकासुर, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे. माझे नाणे एका परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेले आहे, परंतु त्याच्या मागची साखळी एका जुन्या संग्रहापाशी थांबते. त्याच्या पलीकडचे गाव मला ठाऊक नाही, आणि ही उणीव माझ्या टिपणवहीत मी तशीच नोंदवून ठेवली आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी कायद्याची बाजू येथेच लिहितो. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांचा आकडा आज वाचताना हसू येते, पण त्याचा परिणाम असा की सोन्याचे कोणतेही पुरलेले नाणे कायद्याच्या कक्षेत येतेच. त्याखेरीज १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांना भेट म्हणून असे नाणे देण्याचा विचार करणारे लोक मला दरवर्षी भेटतात. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

ज्यांना नाणे विकत न घेता पाहायचे आहे, त्यांच्यासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे, तसेच मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. काचेतून घाव दिसायला जरा मान वाकडी करावी लागते, परंतु दिसतात.

एक गोष्ट ओघात सांगतो. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील चौऱ्यांशीचा लेख शके ११९५ ते ११९९ मधला, म्हणजे रामचंद्राच्याच कारकिर्दीतला आहे, आणि त्यात भाविकांच्या देणग्या गद्याणांत मोजलेल्या आहेत. गद्याण हे वजनाचेही नाव आणि नाण्याचेही, त्यामुळे त्या लेखातला प्रत्येक गद्याण म्हणजे पद्मटंकच, असे मी म्हणणार नाही. तरी एवढे खरे की त्या काळी देवाच्या फुलांचा हिशोब सोन्यात होत होता आणि तो करणाऱ्यांच्या हाताखालून अशी नाणी जात होती.

पैठणकर

घावांच्या क्रमाबद्दल विचारले आहे, म्हणून माझी फजिती लिहितो. चार वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनात रामचंद्राचा पद्मटंक घेतला. वजन बरोबर, सोने बरोबर, रंगही जुन्या सोन्याचा. वर्षभराने दुसऱ्या शहरात, दुसऱ्या विक्रेत्याच्या मांडणीत तसाच एक दिसला आणि माझ्याकडचा बरा की हा बरा, हे पाहायला मी छायाचित्र काढून आणले.

घरी आल्यावर दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली आणि पोटात खड्डा पडला. नावातला 'रा' कमळाच्या ज्या पाकळीसमोर माझ्या नाण्यात होता, त्याच पाकळीसमोर त्याही नाण्यात होता. शंख आणि नाव यांच्यामधली फट तेवढीच, आणि डावीकडच्या श्रीचा कलही तोच. आपण वर लिहिले आहे की येथे प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे, हाताने टेकवून मारलेला असतो. तसे असेल तर एकाच कारागिराने लागोपाठ ठोकलेल्या दोन नाण्यांतही ठशांची मांडणी जुळता कामा नये. ठसा तोच असू शकतो, त्याची जागा आणि त्याचा कल तोच असू शकत नाही. जुळले, याचा अर्थ कोणीतरी एका अस्सल नाण्यावरून संपूर्ण चित्राचा एकच साचा केला होता आणि त्यातून खऱ्या सोन्यात नाणी काढली होती.

मग भिंगाखाली बाकीचेही दिसू लागले. कमळावर चढलेल्या नावाच्या कडेशी सोने सरकून जी बारीक उंचवट्याची रेघ उठायला हवी, ती नव्हती. सगळे मऊ, एकसारख्या खोलीचे. विक्रेत्याने काही दिवस घोळ घालून अखेर पैसे परत केले. दुसरे नाणे त्या वेळी कोणी घेतले, ते कळले नाही.

कसोटीचा दगड

पैठणकर, हीच गोष्ट मी आमच्या मुलाला सांगून थकलो होतो. सोने तपासायच्या यंत्रावर धरले की सोने खरे आहे एवढे कळते, नाणे खरे आहे हे कळत नाही. आपला प्रतिसाद त्याला वाचायला दिला आहे.

मांडवीतीर

गोव्याकडून थोडी भर घालतो. आमच्याकडे कदंबांचे सुवर्णगद्याण आहेत, आणि ते पद्मटंकाच्या थोडे आधीचे, बाराव्या शतकातले, म्हणजे कदंब राजा शिवचित्त पेर्माडीच्या आसपासचे. त्यांची घडण मात्र वेगळी: दोन्ही बाजूंना छाप, एका बाजूला एक पंजा उचललेला सिंह आणि दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांचा भरगच्च मजकूर, ज्यात राजा स्वतःला सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेला म्हणवतो. घाव घालताना चकती जराशी सरकली की त्या मजकुरातली ओळच्या ओळ काठाबाहेर जाते, आणि मग एका नाण्यावर न उमटलेली अक्षरे दुसऱ्या नाण्यावरून भरून घ्यावी लागतात. संपूर्ण मजकूर असलेले एकही नाणे ज्याच्याकडे नाही, असा एक संग्राहक मला ठाऊक आहे. चार नाणी मिळून त्याचा मजकूर पुरा होतो आणि त्याला त्यातच समाधान आहे.

हा सप्तकोटीश्वर म्हणजे आमचा नार्व्याचाच. पोर्तुगीज काळात मूळ देऊळ उद्ध्वस्त झाले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याला त्याचा जीर्णोद्धार केला. नाण्यावरचे दैवत आणि आज आपण ज्याच्यापुढे हात जोडतो ते दैवत एकच असणे, हे आमच्या भागातल्या संग्राहकाला फार जवळचे वाटते.

टेम्सकाठचा

मी गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि येथील ठोकीव सोन्याच्या नाण्यांकडे वळलो, कारण भारतातली नाणी येथे आणता येत नाहीत आणि आणूही नयेत. तुलनेसाठी एक उदाहरण देतो.

तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये आधी एक सोन्याचे नाणे काढले, ज्यावर सिंहासनावर बसलेला राजा आणि दोन्ही बाजूंना दोन बिबटे होते. सोन्याच्या मानाने त्याचे मोल जास्त ठरवल्यामुळे लोकांनी ते घेतले नाही आणि काही महिन्यांतच ते मागे घ्यावे लागले. आज त्याची केवळ तीन नाणी ठाऊक आहेत. त्याच वर्षी 'नोबल' आले. त्यावर जहाजात उभा असलेला, ढाल-तलवार घेतलेला राजा आहे. १३५१ मध्ये त्याचे वजन १२० ग्रेन (ग्रेन हे इंग्रजी वजनाचे लहान माप) ठरले, आणि कसोटी काकांच्या भाषेत सांगायचे तर ते बरोबर आठ मासे होतात, कारण इंग्रजांनी पुढे बारा माशांचा तोळा १८० ग्रेनचा धरला.

नोबलच्या मागच्या बाजूला कडेने लॅटिन मजकूर आहे. तो लूकच्या शुभवर्तमानातला आहे: येशू मात्र त्यांच्यामधून चालत निघून गेला. चोरांपासून रक्षण व्हावे म्हणून लोक हे वचन ताईतासारखे जवळ बाळगत. गंमत अशी की चोर नाण्याच्या काठावरच होते. नाण्याचा काठ थोडा कातरायचा, कातरण वितळवायची आणि नाणे पुढे पूर्ण किमतीला खपवायचे, हा त्या काळचा जुना धंदा. त्यामुळे चोरांपासून वाचवणारी ती अक्षरेच कित्येक नाण्यांवर अर्धी कापलेली सापडतात. इंग्लंडमध्ये १६६२ पासून यंत्राची नाणी आली, तरी जुन्या ठोकीव नाण्यांच्या बाबतीत हे त्यानंतरही बरीच वर्षे चालले. पद्मटंकाचा काठ कोणी कातरला तर मात्र चित्रावरून ते चटकन कळणार नाही. तेथे वजन हाच पहारेकरी.

आजीचीमाळ

मी नाणी जमवत नाही, तरी एक शंका विचारू का? आमच्या आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ माझ्याकडे आली आहे. एकवीस पुतळ्या आहेत. बहुतेक पातळ पत्र्याच्या, एकसारख्या गोल आणि नव्याने पॉलिश केल्यासारख्या दिसतात. एक मात्र वेगळी आहे: जाड, काठ एका बाजूला चपटा, रंग अधिक पिवळा. तिच्यावर दोन माणसे आहेत, एक उभा आणि एक गुडघे टेकलेला, दोघांच्या मधे काठी. घरात सगळे त्यांना राम आणि मारुती म्हणतात. मागे लंबगोलात एक उभी आकृती आणि चांदण्या आहेत. काठीच्या कडेने वरून खाली तीन अक्षरे आहेत, ती देवनागरी नाहीत. आमचे सोनार म्हणाले की ही एक बेढब दिसते, वितळवून बाकीच्यांसारखी करून देतो.

टेम्सकाठचा

ताई, कृपया सोनाराला आजच थांबवावे. तीन अक्षरे डी, व्ही, एक्स अशी रोमन आहेत का, ते पाहावे. तसे असेल तर उभा आहे तो संत मार्क, गुडघे टेकलेला आहे तो व्हेनिसचा राज्यप्रमुख, ज्याला डोजे म्हणत, आणि मधली काठी म्हणजे संत त्याच्या हाती देत असलेले निशाण. मागच्या लंबगोलात येशू ख्रिस्त आहे. हे व्हेनिसचे डुकॅट. ते १२८४ मध्ये सुरू झाले, वजन साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध, आणि १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचे चित्र जवळपास तेच राहिले. व्यापारातून ही नाणी आपल्या किनाऱ्यावर इतकी आली की त्यांवरच्या माणसांमुळे त्यांना पुतळी हे नाव पडले आणि माळेलाही तेच मिळाले.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपल्याकडच्या कारागिरांनी डुकॅटच्या नकलाही पुष्कळ केल्या. लॅटिन न येणाऱ्याने कोरलेली अक्षरे ओळखू येतात: ती अक्षरांसारखी दिसतात, पण वाचता येत नाहीत. गुडघे टेकलेल्या आकृतीच्या मागे, काठाने, डोजेचे नाव असते. ते वाचता आले तर येथे लिहावे.

कसोटीचा दगड

आणि कडी डाग देऊन जोडलेली असेल तर ती काढायला लावू नये. वजन कडीसकट करावे आणि तसे नोंदवावे.

आजीचीमाळ

सर्वांचे मनापासून आभार. सोनारांकडून माळ त्याच दिवशी परत आणली. मुलाच्या मोबाइलने छायाचित्र मोठे करून पाहिले. काठीजवळ डी, व्ही, एक्स हीच अक्षरे आहेत. गुडघे टेकलेल्या माणसाच्या मागे ए, एल, ओ, वाय अशी चार अक्षरे स्पष्ट आहेत, पुढे एम दिसतो आणि त्यानंतरची अक्षरे चपट्या काठापाशी अर्धी राहून बाहेर गेली आहेत. वजन कडीसकट ३.६२ ग्रॅम भरले.

टेम्सकाठचा

ताई, अक्षरे वाचता येत आहेत, ही फार चांगली खूण आहे. ए-एल-ओ-वाय म्हणजे आल्विसे, आणि एम वरून पुढचे नाव मोचेनिगो असावे. या नावाचे एकाहून अधिक डोजे झाले, त्यामुळे अर्ध्या राहिलेल्या अक्षरांवाचून नेमका कोण हे मी ठामपणे सांगणार नाही. पहिला धरला तरी तो १५७० नंतरचा, म्हणजे आपले नाणे काटेकोर अर्थाने मध्ययुगीन नव्हे. चित्र मात्र १२८४ चेच. अक्षरे ज्या बाजूने काठाबाहेर गेली आहेत, त्याच्या बरोबर समोरच्या काठावर चित्राबाहेर कोऱ्या सोन्याची पट्टी जास्त रुंद आहे का, ते पाहून सांगावे. तसे असेल तर घाव पडताना चकती मधोमध नव्हती.

आजीचीमाळ

आहे. नखाएवढी कोरी पट्टी आहे, आणि कडी नेमकी तिच्यावर जोडलेली आहे. चित्राला कुठेही धक्का लागलेला नाही.